कुत्र्यामांजरांना सिरप पाजताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी त्यांचं बीगलचं पिल्लू नीट खात नाही म्हणून त्याला घरातलंच द्राक्षासव पाजलं, दोन झाकणं, म्हणजे साधारण ३० मिली. तीन महिन्यांचं पिल्लू, वजन जेमतेम ४ किलो. तासाभरात ते उलट्या करायला लागलं, मागचे पाय लटपटायला लागले, आणि काकू रडत खाली आल्या. काका अजिबात निष्काळजी माणूस नाहीत, त्यांना खरंच वाटलं की आयुर्वेदिक आहे, लहान मुलांनाही देतात, याला काय होणार.

आता हिशोब बघा. आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ८ टक्के धरलं तरी ३० मिलीमध्ये जवळजवळ अडीच मिली शुद्ध अल्कोहोल, आणि ४ किलोच्या जिवाला ते म्हणजे ७० किलोच्या माणसाने तीन स्मॉल पेग एकदम घेतल्यासारखं. वर द्राक्षासवाचा आधारच द्राक्षं-मनुका, आणि मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पुढचे तीन दिवस किडनीच्या टेस्ट केल्या, पिल्लू वाचलं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा विषय बसलाय, की आपण औषधाचं नाव बघतो, ते कशात कालवलंय ते बघतच नाही.

फार्मसीवाले त्याला एक्सिपियंट म्हणतात, मराठीत निष्क्रिय घटक. गोडवा, रंग, वास, टिकाऊपणा, औषध विरघळवणारं द्रव, हे सगळं त्यात आलं. पहिली चूक इथेच होते, निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी असं आपण धरून चालतो. निष्क्रिय म्हणजे फक्त एवढंच की तो घटक तुमचा आजार बरा करत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचं एक गोड एलिक्झिर निघालं, त्यातलं सल्फा ठीक होतं पण विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे किडनी निकामी करणारं विषारी रसायन वापरलेलं, शंभरावर माणसं गेली. १९८६ मध्ये आपल्या मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ पेशंट गेले, लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं कफ सिरपने गेली, त्यातली बरीच नागपूरला उपचारासाठी आणलेली, आणि तिथेही विष निघालं ते डायएथिलीन ग्लायकॉलच. हे सगळं माणसांचं झालं, पण किडनी कुत्र्यालाही आहे आणि मांजरालाही. म्हणून पोराचं उरलेलं, लेबल फाटलेलं, कधी आणलं ते आठवत नाही असं सिरप प्राण्याला ‘संपवायला’ म्हणून देऊ नका.

कुत्र्यांसाठी सगळ्यात वाईट म्हणजे झायलिटॉल. ही एक साखरेसारखी गोडी आहे, माणसाला काही करत नाही, दातांना चांगली म्हणून टूथपेस्ट आणि च्युइंगममध्ये घालतात. कुत्र्याच्या शरीराला मात्र ती खरी साखर वाटते आणि इन्सुलिन भसाभस सुटतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, कुत्रा गळून जातो, झटके येऊ शकतात. किलोमागे साधारण ०.१ ग्रॅमला साखर उतरायला लागते आणि ०.५ ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हर खराब व्हायचा धोका.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या १० किलोच्या कुत्र्याला पाठदुखीसाठी गॅबापेंटिन लिहून दिलं. गोळी तो थुंकतो म्हणून ती माणसांच्या फार्मसीत लिक्विड घ्यायला गेली. तिकडच्या एका प्रसिद्ध ब्रँडच्या लिक्विडमध्ये प्रत्येक मिलीला ३०० मिलीग्रॅम झायलिटॉल असतं. तिच्या कुत्र्याचा डोस होता २०० मिलीग्रॅम, म्हणजे ४ मिली, म्हणजे एका वेळेला १.२ ग्रॅम झायलिटॉल, किलोमागे ०.१२ ग्रॅम. आणि हे दिवसातून दोन-तीनदा! औषध बरोबर, डोस बरोबर, डॉक्टर बरोबर, तरी कुत्रा आजारी पडला असता. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं ‘कोणासाठी?’ म्हणून थांबलं, मग कॅप्सूल उघडून पनीरमध्ये घालून दिली. आपल्याकडे गॅबापेंटिन मागितलं की पुष्कळदा मिथाइलकोबालामिन (बी-१२ व्हिटॅमिन) किंवा नॉरट्रिप्टिलिन (डिप्रेशनवरचं औषध) मिसळलेलं हातात येतं, तेही चालणार नाही, प्लेनच मागा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर लोक घाबरून चालू औषधं बंद करतात. कुत्र्यांसाठीच बनवलेल्या काही मेलॉक्सिकॅम सस्पेन्शनमध्येही (दुखण्या-सुजेवरचं पातळ औषध) थोडं झायलिटॉल असतं, पण डोस इतका छोटा असतो की ते मर्यादेच्या खूप खाली राहतं. प्रश्न नुसता ‘आहे का नाही’ हा नाही, किलोमागे किती जातंय हा आहे. आणि मांजरींना झायलिटॉलचा कुत्र्यासारखा त्रास होत नाही असं अभ्यासात दिसलंय, तिथे काळजीची यादी वेगळी आहे.

लेबलवर सगळं लिहिलेलं असेल असं समजणं ही पण चूक. आपल्याकडची सिरपची बाटली उचलून बघा. प्रत्येक ५ मिलीमध्ये अमुक औषध, मग ‘फ्लेवर्ड सिरपी बेस क्यूएस’, आणि रंगाचं नाव, सनसेट यलो वगैरे. क्यूएस म्हणजे लागेल तितकं. त्या ‘बेस’मध्ये साखर आहे का सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोडी) आहे का प्रोपिलीन ग्लायकॉल (औषध विरघळवणारं द्रव), काही कळत नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असेल तर आपल्याला बरं वाटतं, पण प्राण्याच्या बाबतीत नेमकं तिथेच जास्त विचारायला पाहिजे की मग गोड कशाने केलंय. बहुतेकदा सॉर्बिटॉल किंवा सॅकरिन निघतं, ते कुत्र्याला विष नाही, फक्त सॉर्बिटॉल जास्त गेलं तर जुलाब. (अँटिबायोटिक सिरप सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर दरवेळी अँटिबायोटिकलाच दोष देऊ नका, बेसबद्दलही विचारा.) बाटलीवर कस्टमर केअरचा नंबर असतो, तिथे फोन करून बॅच नंबर सांगून विचारता येतं, मी दोनदा विचारलंय आणि दोन्ही वेळा उत्तर मिळालं. झायलिटॉल कधी ‘बर्च शुगर’ किंवा ‘९६७’ अशा नावानेही लपलेलं असतं.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नाही. तिच्या लिव्हरची काही रसायनं निकामी करायची पद्धतच कमजोर आहे. पॅरासिटामॉल सिरप तर एक थेंब नको, ते घातकच आहे, पण निष्क्रिय घटकांतही प्रोपिलीन ग्लायकॉल आणि बेंझाइल अल्कोहोल (औषध टिकवायला घालतात ते) तिला जड जातात. प्रोपिलीन ग्लायकॉलने मांजरीच्या लाल रक्तपेशी खराब होतात, त्यामुळेच अमेरिकेत १९९६ मध्ये ते मांजरीच्या खाण्यातून काढायला लावलं. एखाद-दुसऱ्या डोसने बहुतेक वेळा काही होत नाही, पण रोज, महिनोन्‌महिने चालणारं औषध असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. होमिओपॅथीच्या थेंबांतही अल्कोहोल असतं, ३ किलोच्या मांजरीला ते थेट तोंडात नको.

आणखी एक, मांजरीला गोड चव कळतच नाही. स्ट्रॉबेरी फ्लेवर तिच्यासाठी नुसता उग्र वास आहे. आमच्या मनीला पहिल्यांदा सिरप दिलं तेव्हा तोंडातून भराभर फेस आला, मला वाटलं विषबाधाच झाली, मी तशीच टॉवेलमध्ये गुंडाळून दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाल्या कडू लागलं की मांजरी असा फेस काढतात, काही मिनिटांत थांबतो. फेस थांबला आणि मांजर नेहमीसारखी वावरतेय तर घाबरायचं कारण नाही. पण फेसासोबत धाप, लटपट, झटके, हिरड्या पांढऱ्या किंवा चॉकलेटी दिसणं यातलं काहीही असलं तर लगेच निघा. पुढच्या वेळी मी सिरिंज गालाच्या बाजूने घातली, थोडं थोडं सोडलं, आणि नंतर तिला आवडणारं चिकनचं पाणी दिलं, फेस बराच कमी झाला.

बद्धकोष्ठाला देतात ते लिक्विड पॅराफिन जबरदस्तीने तोंडात कधीच ओतू नका. त्याला चव नाही, त्यामुळे घशात चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसका येत नाही आणि ते सरळ फुफ्फुसात उतरतं.

समजा चुकून दिलंच गेलं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं. झायलिटॉलचा संशय असेल तर ‘बघू संध्याकाळपर्यंत’ म्हणत बसू नका, पोटातलं विष शोषायला देतात ती कोळशाची पावडरही तिथे फारशी उपयोगाची नाही. कुत्रा गळून पडत असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा आणि निघा, पण बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही. आणि दवाखान्यात साखर नॉर्मल आली म्हणून लगेच घरी पळू नका, लिव्हरचे आकडे १२ तासांनंतर, कधी दोन-तीन दिवसांनी वाढतात, ते परत तपासून घ्या.

निघताना बाटली बरोबर घ्या, खोक्यासकट. किती मिली पाजलं, किती वाजता, आणि प्राण्याचं वजन किती, हे फोनमध्ये लिहून ठेवा, कारण दवाखान्यात पहिले हेच तीन प्रश्न येतात आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेच आठवत नाहीत.