गाडी कुठून वाजते? आधी क्लच दाबून बघा
बाइक खडखडायला लागली की लगेच इंजिन उघडायला देऊ नका. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. इंजिनाबरोबर आवाजही मंदावला, तर दोष इंजिनाच्या बाजूला. चाकाच्या वेगाबरोबर वाजतच राहिला, तर चेन, ब्रेक, व्हील बेअरिंग तपासा.

चेन बघताना इंजिन बंदच हवं, बोटं जातात! डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने थोडं फिरवा, थांबवा, मग खालची चेन वर-खाली हलवा. बऱ्याच कम्यूटर बाइकना 20 ते 30 मिमी ढील लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. एका जागी ताठ, दुसरीकडे लोंबती असेल तर नुसती ताणून भागत नाही, चेन-स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चक्रं) सेटच बदलावा लागतो.

ठराविक रेसलाच ‘झर्रर्र’ होत असेल तर बहुतेक एखादा ढिला पत्रा वाजतोय. माझ्या बाइकचे टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह हलवणारे भाग) दोनदा सेट करून झाले, पैसेही गेले. शेवटी न्यूट्रलवर मित्राला रेस द्यायला लावली आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने एकेक भाग दाबत गेलो. सायलेन्सर गार्डवर मूठ टेकताच आवाज बंद. एक स्क्रू ढिला होता.