ग्राफिक्स कार्ड तापतंय? पेस्ट सगळ्यात शेवटी बदला

अकोल्यात मे महिन्यात दुपारी बंद खोलीतली हवासुद्धा चाळीसच्या आसपास जाते. त्या दिवसांत दुकानात गेमिंग पीसी उचलून आणणाऱ्या पोरांचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, कार्ड खूप तापून राहिलं, पेस्ट बदलून द्या." पेस्ट म्हणजे चिपची उष्णता वरच्या कूलरकडे पोचवणारा लेप; मी आधी तिला हात लावत नाही. त्याच्या अगोदरचे उपाय जवळपास फुकट आहेत आणि बहुतेक कार्डं तेवढ्यानेच ताळ्यावर येतात.

पहिल्यांदा आकडे बघा. 'जीपीयू-झेड' हे छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते चालू ठेवून नेहमीचा गेम वीस-पंचवीस मिनिटं खेळा, मग सेन्सर्सच्या टॅबमध्ये कार्डाचं तापमान आणि 'हॉट स्पॉट' (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान) दोन्ही लिहून घ्या. खोलीचं तापमानही लिहा, हे फार महत्त्वाचं आहे. कार्डाचे पंखे खोलीतलीच हवा ओढतात, त्यामुळे जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारं कार्ड मे महिन्यात ८३-८५ ला गेलं तर ते बिघडलेलं नसतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. साधारण ८३ च्या पुढे एनव्हिडियाची बरीच कार्डं स्वतःहून वेग कमी करू लागतात आणि गेम अडखळतो. एएमडीच्या आरएक्स ५७०० सारख्या कार्डांत हॉट स्पॉट ११० पर्यंत जाणं कंपनीनेच गृहीत धरलेलं आहे. तो आकडा पाहून घाबरू नका.

आता कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि तोच गेम परत खेळा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटमधली हवा कोंडतेय. समोरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा-वरचा बाहेर फेकणारा आहे ना, ते कागदाचा तुकडा धरून तपासा. समोर सलग काच असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी, पण आमच्या हवामानात मी ती कोणालाच घ्यायला सांगत नाही. जाळीचं तोंड असलेली घ्या.

खोलीतल्या पाण्याच्या कुलरबद्दल वेगळं सांगायला हवं. विदर्भात घरोघरी कुलर असतो आणि पोरं पीसी थेट त्याच्या झोतात ठेवतात. हवा गार लागते, पण ती ओलसर असते, सोबत खाऱ्या पाण्याचे बारीक तुषारही येतात. धूळ ओली होऊन हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत थर बसतो आणि तो ब्लोअरनेही निघत नाही. पीसी झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी राहू द्या.

धूळ काढताना पीसी बंद करून वायर काढा, अंगणात न्या आणि कार्डाचा पंखा बोटाने धरून मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं.

यानंतरचा उपाय माझ्या सगळ्यात आवडीचा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला १५० फ्रेम काढण्यात कार्ड उगाच जळतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा. मग 'एमएसआय आफ्टरबर्नर' उघडा, हे दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालतं. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाला वीज ओढू देण्याची मर्यादा, १०० टक्क्यांवरून ८० वर आणा. ३०६० ला पूर्ण जोरात १७० वॅट लागतात. वीस टक्के कमी केले की तेवढी उष्णता तयारच होत नाही, आणि गेममधला फरक बहुतेकांना जाणवतही नाही. थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला कमी व्होल्टवर चालवा: कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा, सगळी रेघ खाली ओढा, मग ८७५ मिलिव्होल्टवरचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर नेऊन अप्लाय करा. गेम बंद पडू लागला तर व्होल्ट थोडे वाढवा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नका. तिथेच पंख्याचा आलेखही आहे: ६५ अंशांना ६० टक्के, ७५ ला ८० टक्के असा ठेवा. आवाज वाढेल, उन्हाळ्यापुरता चालवून घ्या.

एवढं करूनही हॉट स्पॉट आणि कार्डाचं तापमान यांत २५ अंशांहून जास्त अंतर राहिलं, तरच पेस्ट सुकली असं मी धरतो. वॉरंटी बाकी असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फोडू नका, कार्ड सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर कार्ड थोडं तापवून, पीसी बंद करून कार्डावरचा कूलर (हीटसिंक आणि पंखे) हळूच पिळत सोडवा, पंख्याची वायर ओढू नका. चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पेस्ट संपूर्ण चिपवर पातळ पसरवा. इथे प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, कोपरा कोरडा राहिला की तिथेच हॉट स्पॉट होतो. मेमरीवरचे पॅड (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे टाका. एक मिलिमीटरच्या जागी दीडचे बसवले तर कूलर चिपला नीट टेकतच नाही. चिपभोवतीचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा आणि जीपीयू-झेडमध्ये अंतर परत मोजा. ते तेवढंच दिसलं तर आधी पॅडची जाडी तपासा.