आप्पांच्या हातातले काम वहीत कसे उतरवावे

मॉडेल रेल्वेच्या क्लबमध्ये एखादा स्वयंसेवक वर्षानुवर्षे लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेला छोट्या रुळांचा मार्ग, चालता ठेवतो आणि त्यामुळेच त्याची सगळी माहिती त्या एकट्यापाशी साठत जाते. भुसावळ-जळगावकडे हा माणूस बहुधा रेल्वेतूनच निवृत्त झालेला असतो, सगळे त्यांना आप्पा म्हणतात आणि गाडी अडली की त्यांनाच फोन लावतात. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार जरूर करावा. मात्र त्यांना टेबलाखाली वाकता येते आहे तोवरच ही माहिती लिहून घ्यावी.

‘आप्पा, सगळे लिहून द्या’ असे म्हणू नये, कारण अशी माणसे लिहीत नाहीत. ते दुरुस्तीला बसले की शेजारी बसावे, दोष नेमका इथेच आहे हे कशावरून ओळखले एवढेच विचारावे आणि त्याच संध्याकाळी लिहिलेले पुढच्या खेपेस त्यांना वाचून दाखवावे. चुकीचे वाचले की ते आपोआप बोलू लागतात.

सर्वांत आधी वायरिंग घ्यावे. साध्या १२ व्होल्ट डीसीच्या लेआउटवर दोन्ही रुळांतून वीज जाते, त्यामुळे लूप घेऊन गाडी त्याच मार्गावर उलटी परतते तिथे डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट होतो. तो टाळण्यासाठी रुळांत कुठे काप दिले आहेत, हे एकदा खडी चिकटवल्यावर सहसा दिसत नाही. म्हणून अशा प्रत्येक जागेचा फोटो काढावा आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. जुन्या क्लबांत हाताशी आली ती तार वापरलेली असते. तेव्हा रंग कोणता हवा होता हे न लिहिता कोणता आहे तेच लिहावे.

मापांमागची कारणेही विचारून घ्यावीत. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १९ मिलिमीटरहून थोडा रुंद यायला हवा, पण तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात; ही तडजोड बहुतेक ठिकाणी पत्करलेली असते. उलट पाचोरा-जामनेरच्या ‘पीजे’ या जुन्या छोट्या गाडीचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज याच प्रमाणात ८.७६ मिलिमीटर होतो, म्हणून एन स्केल या एचओहून लहान प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या इंजिनांचा सांगाडा तिला जवळजवळ नेमका बसतो. हे कारण नोंदलेले नसेल, तर कपाटातले ते छोटे सांगाडे कुणीतरी ‘चुकीच्या मापाचे’ म्हणून काढून टाकील.

खानदेशातला उन्हाळा तर स्वतंत्र पानच मागतो. निकेल सिल्व्हरचा तीन मीटर सलग रूळ १० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापला, तर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. थंडीत सांधे घट्ट भिडवून बसवलेला मार्ग मे महिन्यात फुगून बाजूला सरकतो. आप्पांनी फट कुठे सोडली आहे आणि कोणत्या जोडावर मुद्दाम डाग (सोल्डर) दिलेला नाही, हे नकाशावर दाखवावे. धुळीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे सुती फडके पुरते; सँडपेपरने रुळाला ओरखडे पडतात आणि त्यांतच मळ बसतो. इंजिनाला तेल सुईच्या टोकाने, एका वेळी एकच थेंब द्यावे, कारण जास्तीचे तेल चाकांवरून रुळांवर पसरून वीजजोड बिघडवते.

नंतर दोघांना शिकवावे, एकालाच नव्हे, आणि काही आठवडे आप्पांनी खुर्चीत बसून फक्त बघावे. हा भाग त्यांनाच सर्वांत जड जातो. पदरचा किती खर्च झाला असे विचारल्यावर ते ‘राहू द्या हो’ म्हणतील, तेव्हा जमेल तेवढा अंदाज घेऊन ती रक्कम त्यांच्या नावावर देणगी म्हणून नोंदवावी, म्हणजे पुढच्या समितीला वर्षाचा खरा खर्च तरी कळेल. वहीची एक प्रत कपाटात ठेवावी आणि दुसरी टेबलाखाली, ट्रान्सफॉर्मरजवळच्या हुकाला टांगावी.