शाळेच्या वाचनालयाला पालकांनी हातभार कसा लावावा

पालकसभेत ‘वाचनालयासाठी कोण वेळ देईल?’ असं विचारलं की भराभर हात वर होतात. दोन महिन्यांनी त्यातले तीन-चार उरतात. नव्याचे नऊ दिवस म्हणून आपण विषय सोडून देतो, पण खोट बरेचदा उत्साहात नसते. काम नेमकं काय, किती वेळाचं आणि कोणाला विचारून करायचं, हे कोणी सांगितलेलंच नसतं. मग सगळा उत्साह एकाच वाटेने जातो: घरातली जुनी पुस्तकं गोळा करा आणि शाळेत नेऊन द्या. माझा अनुभव असा की प्राथमिक शाळेच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा हातांची टंचाई जास्त असते. म्हणून या लेखात पुस्तकदान बरंच खाली आलं आहे.

१. आधी विचारा

ग्रंथपालांना भेटा. अनेक शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतात, एखाद्या शिक्षिका आपला वर्ग सांभाळून वाचनालय पाहतात. मग त्यांना भेटा. मधल्या सुट्टीत गाठू नका, वेळ ठरवून जा. ‘काय मदत करू?’ असं मोघम विचारलं की ‘कळवते हं’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘आठवड्यात कुठलं काम सगळ्यात जास्त तुंबतं?’ परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, फाटकी पुस्तकं दुरुस्त करणं, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवहीत (वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या वहीत) नोंद करणं, असं काहीतरी ऐकायला मिळेल. कामं कंटाळवाणी आहेत, पण तीच अडलेली असतात.

शाळेचे नियमही याच भेटीत समजून घ्या. ओळखीची पडताळणी, येण्याजाण्याची सही, गळ्यात ओळखपत्र हे सगळं हवंच. शाळेने मागितलं नाही तर पालकांनी सुचवावं. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही आणि मुलांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाहीत. ‘आपण सगळे ओळखीचेच’ म्हणून सूट घेऊ नये.

२. थोडा वेळ द्या, पण ठरलेला द्या

दर बुधवारी एक तास येणारा पालक हा महिन्यातून एकदा दिवसभर येणाऱ्यापेक्षा उपयोगी पडतो. पुस्तकं रोज परत येतात, त्यांचा ढीग महिनाभर थांबत नाही. एका तासासाठी दोघांची जोडी ठरवा, म्हणजे एकाला अडचण आली तरी वाचनालय उघडं राहतं. वेळापत्रक कागदावर लिहून दारामागे चिकटवा. गटावरचा निरोप चार दिवसांत शंभर शुभेच्छांखाली गाडला जातो.

ज्यांना दिवसा जमत नाही त्यांच्यासाठी घरून करण्याची कामं ठेवा: पुस्तकांना कव्हर घालणं, चिठ्ठ्या कापणं, संगणकावर यादी टाइप करणं. २००७ पासून छापलेल्या बहुतेक पुस्तकांच्या मागे १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, असतो. त्यावरून शीर्षक, लेखक, प्रकाशक ही माहिती अनेकदा आपोआप भरता येते. यादीसाठी ‘कोहा’सारखी मोफत मुक्तस्रोत प्रणाली आहे, पण ती चालवायला जाणकार माणूस लागतो. छोट्या वाचनालयाला साधा स्प्रेडशीट पुरतो.

३. पुस्तक जागेवर लावायला शिका

हे काम सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. नोंदीत ते दिसतं, मुलाला सापडत नाही.

आधी शाळेची पद्धत समजून घ्या. लहान मुलांच्या वाचनालयात गोष्टींची पुस्तकं बहुधा लेखकाच्या नावाच्या अक्षरांनुसार किंवा रंगीत पट्ट्यांनुसार लावलेली असतात. माहितीपर पुस्तकांना अनेक ठिकाणी मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. तिच्यात सगळ्या विषयांचे १० मुख्य वर्ग आहेत. ३९८ म्हणजे लोककथा, ५०० पासून विज्ञान, ५९८ पक्षी, ५९९ सस्तन प्राणी, ७९६ खेळ. डायनोसॉर ५६७.९ मध्ये. हा आकडा मुलं तुमच्याआधी पाठ करतील.

नवखा मदतनीस हमखास फसतो तो दशांशचिन्हानंतर. ५९८.१५ आणि ५९८.२ यांत आधी कोण? पंधरा दोनपेक्षा मोठे म्हणून आपण ५९८.२ आधी ठेवतो. चूक. चिन्हानंतर एकेक अंक वाचायचा: १ हा २ च्या आधी, म्हणून ५९८.१५ आधी. पहिले तीन-चार आठवडे लावलेलं प्रत्येक पुस्तक कप्प्यात थोडं पुढे काढून ठेवा. ग्रंथपालांनी नजर टाकली की मग आत सरकवा.

कप्पे गच्च भरू नका, सुमारे एक तृतीयांश जागा मोकळी असू द्या. घट्ट बसलेलं पुस्तक मूल वरच्या टोकाला बोट घालून ओढतं आणि पुस्तकाची पाठ तिथूनच फाटते. मोकळ्या जागेत दोन-तीन पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवा. पाठीवरचं नाव वाचून पुस्तक निवडणं सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही, ते चित्र बघून हात घालतं. आणि उंच मांडणी भिंतीला पक्की जखडलेली आहे ना, हे एकदा हलवून बघा. मुलं वरच्या कप्प्यासाठी चढतातच.

४. दुरुस्तीचा कोपरा

पहिला नियम: साधी चिकटपट्टी लांब ठेवा. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटा शेजारच्या पानावर उतरतो आणि ती काढताना अक्षरंही निघून येतात. सुटलेलं पान बसवायला पांढरा पीव्हीए डिंक घ्या. पानाच्या आतल्या कडेला जेमतेम ३ मिलिमीटरची बारीक रेघ ओढा, पान खोबणीत नीट सरकवा, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवा आणि पुस्तक मिटून रात्रभर वजनाखाली ठेवा. मेणकागद विसरलात तर तीन पानांचं एक पान होतं. हे मी केलेलं आहे, तेही एका कोड्यांच्या पुस्तकाच्या उत्तरांच्या पानांवर.

भिजलेलं पुस्तक पानं पंख्यासारखी उघडून उभं करा आणि वारा लागू द्या. ४८ तासांत बुरशी धरू शकते, तेव्हा ‘सोमवारी बघू’ चालत नाही. बुरशी आलेलं पुस्तक वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. ते इतर पुस्तकांच्या शेजारी नको.

५. जुनं काढा, मग नवं मागा

पुस्तक बाद करायचं म्हटलं की आपला जीव वर-खाली होतो. पण ‘सूर्यमालेत नऊ ग्रह’ सांगणारं पुस्तक मुलाला चुकीचं शिकवतं. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळलं. ज्या नकाशाच्या पुस्तकात दक्षिण सुदान नाही, ते २०११ च्या आधीचं. असं पुस्तक कप्प्यात असणं हे नसण्यापेक्षा वाईट. पालकांनी अशी पुस्तकं फक्त बाजूला काढून यादी करावी. निर्णय ग्रंथपालांचा, आणि दाखल नोंदवहीतून कमी करायची रीतही शाळेचीच.

आता दान. ‘पुस्तकं द्या’ असं जाहीर आवाहन केलं की घराघरांतली अडगळ येते: जुनी मार्गदर्शकं, अर्धी रंगवलेली चित्रपुस्तकं, मोठ्यांच्या कादंबऱ्या. ती निवडण्यात आणि परत करण्यात मदतनीसांचे तासच्या तास जातात. म्हणून आवाहनात हवी ती पुस्तकं नावासकट लिहा, ग्रंथपालांनी केलेली १५-२० पुस्तकांची यादी पुरे. सोबत एक ओळ छापा: ‘निवडीचा आणि न वापरलेली पुस्तकं इतरत्र देण्याचा अधिकार वाचनालयाकडे राहील.’ आधी सांगितलं की नंतर रुसवे-फुगवे होत नाहीत. पैसे गोळा केले तर जमा-खर्च सूचनाफलकावर लावा, रक्कम कितीही लहान असो.

परिसरातल्या लोकांकडे मात्र पुस्तकांपलीकडचं मागता येतं. सुतारकाम येणारे आजोबा हलणारी मांडणी पक्की करतील, शिवणकाम येणाऱ्या काकू बसायच्या गाद्या शिवतील. जवळचं सार्वजनिक वाचनालय सत्रापुरती पन्नासेक पुस्तकं उसनी देतं का, तेही विचारून बघा.

६. मुलांबरोबर

वाचून दाखवायचं असेल तर पुस्तक आधी घरी एकदा मोठ्याने वाचा. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. चित्र सगळ्यांना दिसेल असं धरा आणि पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. मुलांच्या घरी एकापेक्षा जास्त भाषा बोलल्या जात असतील तर त्या भाषा बोलणाऱ्या पालकांना खास बोलवा. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ विचारू नका. तो तास वर्गातला नाही.

निवड मुलालाच करू द्या. पुस्तक झेपेल का हे बघायला एक सोपी युक्ती आहे: कुठलंही एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाच बोटं झाली तर पुस्तक सध्या अवघड. तरीही चित्रांसाठी हवं असेल तर नेऊ द्या. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रांचं सार आहे. त्यात ‘मोठ्यांना योग्य वाटेल ते पुस्तक’ असं कुठे नाही.

कोणत्या मुलाने काय नेलं, कोणाचं पुस्तक हरवलं, कोण अजून अडखळत वाचतं, हे सगळं देवघेवीच्या टेबलावर कळतं. ते टेबलावरच ठेवायचं. त्या मुलाची आई तुमची जिवलग मैत्रीण असली तरी.

७. सूत्रं पुढे देताना

मुलं वरच्या शाळेत जातात आणि पालकही जातात. म्हणून एक साधी वही वाचनालयातच ठेवा. कपाटाची किल्ली कोणाकडे, डिंक कुठे, कुठला कप्पा तपासून झाला, कुठल्या दिवशी गर्दी होते, हे तिच्यात लिहीत जा. सत्राच्या शेवटच्या महिन्यात नव्या पालकांना दोन वेळा सोबत घेऊन काम दाखवा. मोठ्या सुट्टीआधी मुलांना जास्त पुस्तकं नेऊ द्यायची असतील, तर पुस्तकांची वार्षिक मोजणी सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ठेवा आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून टाका.