बीप टेस्टचा ट्रॅक स्वतः बनवा: संगीतासह आणि संगीताविना

बीप टेस्टमध्ये मुलं २० मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये धावतात. प्रत्येक बीपआधी समोरची रेषा गाठायची असते आणि बीपच्या ट्रॅकवर वेग टप्प्याटप्प्याने वाढत जातो. संगीताच्या साथीने मुलं जास्त फेऱ्या धावतात का? एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी हा प्रश्न चांगला आहे. शाळेच्या मैदानावर तो खरोखर तपासता येतो. घोटाळा होतो तो आयत्या ट्रॅकमुळे. इंटरनेटवरचे काही ट्रॅक ताशी ८.५ कि.मी. वेगाने सुरू होतात, तर काही ८ ने सुरू होऊन दुसऱ्या टप्प्यात थेट ९ वर जातात. संगीताचा ट्रॅक एका ठिकाणचा आणि बिनसंगीताचा दुसरीकडचा घेतला, की तुलनेला अर्थच उरत नाही. म्हणून एकच ट्रॅक बनवायचा आणि त्याच्याच दोन प्रती काढायच्या.

हिशोब सोपा आहे. ७२ ला ताशी वेगाने भागलं की २० मीटरच्या एका फेरीचे सेकंद मिळतात. माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांच्या १९८८ च्या पद्धतीत सुरुवात ८.५ ने होते आणि साधारण दर मिनिटाला वेग ०.५ ने वाढतो. म्हणजे पहिल्या टप्प्यात ८.४७१ सेकंदांच्या ७ फेऱ्या, दुसऱ्यात ८ सेकंदांच्या ८, तिसऱ्यात ७.५७९ च्या ८. पुढच्या टप्प्यांतल्या फेऱ्यांसाठी एकच छापील तक्ता धरा आणि तोच शेवटपर्यंत पाळा.

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते पुरेसं आहे. 'जनरेट'मधून १००० हर्ट्झचा, ०.२ सेकंदांचा, ०.७ अँप्लिट्यूडचा टोन घ्या. त्याला लागून शांतता भरा, पण ती ८.४७१ ची नाही, ८.२७१ ची. टोनचे ०.२ सेकंद वजा करायचे राहतात, ही सगळ्यात नेहमीची चूक. तीन टप्प्यांच्या २३ फेऱ्यांत ट्रॅक ४.६ सेकंदांनी रेंगाळतो आणि ऐकताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. टोन आणि शांतता मिळून निवडा, 'रिपीट' ६ द्या, म्हणजे एकूण ७ फेऱ्या होतात. पुढच्या टप्प्यांसाठी शांतता ७.८०० आणि ७.३७९. प्रत्येक नव्या टप्प्याचा पहिला टोन १५०० हर्ट्झचा ठेवा, वेग वाढल्याचं मुलांना कळतं. शेवटी पडताळा: दुसरा टप्पा ०:५९.३ ला, तिसरा २:०३.३ ला, चौथा ३:०३.९ ला सुरू झाला पाहिजे.

संगीत त्याच प्रोजेक्टमध्ये वेगळ्या ट्रॅकवर टाका. लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हवी, नाहीतर मुलं बीपऐवजी लयीवरून वेग पकडतात. आवाजाची कमाल पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास असू द्या. बीप उणे ३ वर आहेच. शाळेच्याच लेझीम पथकाची हलगी रेकॉर्ड केली तर कॉपीराइटची कटकट मिटते. मात्र झांजेचा ठोका बीपवर पडतो का, ते एकदा पूर्ण ऐकून बघा. एक प्रत संगीतासह एक्सपोर्ट करा, दुसरी संगीताचा ट्रॅक म्यूट करून.

आता खरी गोम. बरेच ब्लूटूथ स्पीकर सात-आठ सेकंदांच्या शांततेत आवाज बंद करून घेतात आणि पुढच्या बीपची सुरुवात गिळतात. संगीत चालू असताना हे होत नाही. म्हणजे दोष फक्त बिनसंगीताच्या धावेत येतो आणि संगीताचा फायदा झाल्यासारखा दिसतो. ऑक्स केबल (फोन आणि स्पीकर जोडणारी साधी ऑडिओ वायर) लावा. केबल नसेल तर दोन्ही प्रतींत अगदी हलका पिंक नॉइज (सलग खरखरीसारखा आवाज) भरा आणि बीप अख्खा ऐकू येईपर्यंत थोडा थोडा वाढवा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. प्लेअरचा वेग १.० आहे ना, हेही पाहा.

मैदानावर फक्कीने रेषा आखण्याआधी टेप ताणून मोजा. अंतर १९.५ मीटर भरलं तर ८.५ चा वेग प्रत्यक्षात ८.३ च होतो. स्पीकर मधोमध, १० मीटरच्या रेषेवर, बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना आवाज सारखा पोचतो. प्रत्येक मुलाला किमान एक मीटरची पट्टी आणि दर दोन-तीन मुलांमागे एक नोंद घेणारा हवा. लागोपाठ दोनदा बीपआधी रेषा गाठता आली नाही की मूल बाहेर. शेवटची पूर्ण फेरी आणि त्या टप्प्याचा वेग लिहा, नुसता टप्प्याचा आकडा नको.

आधी एक सरावाची धाव घ्याच. नाहीतर दुसऱ्या वेळची सुधारणा सवयीची की संगीताची, हे सांगता येणार नाही. निम्मी मुलं आधी संगीतासह, निम्मी आधी संगीताविना. मध्ये आठवड्याचं अंतर, वेळ तीच, मैदान तेच. तीच मुलं दोनदा धावतात, म्हणून पेअर्ड टी-टेस्ट (एकाच मुलाच्या दोन नोंदींमधल्या फरकाची सांख्यिकी चाचणी) लावायची. पालकांची लेखी संमती, मुलाचा होकार आणि दमा किंवा हृदयविकाराची चौकशी याला पर्याय नाही. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहा.

ऑक्सिजन-क्षमतेचा अंदाज हवा असेल तर लेजे यांचं ८ ते १९ वयाचं सूत्र आहे: ३१.०२५ + (३.२३८ × वेग) − (३.२४८ × वय) + (०.१५३६ × वेग × वय). बारा वर्षांचं मूल १० च्या वेगावर थांबलं तर उत्तर ४२.९ मि.लि. प्रति किलो प्रति मिनिट येतं. पण हे सूत्र फक्त संगीताविना धावेला लावा, कारण ते तशाच धावेवरून बसवलेलं आहे. संगीताची तुलना फेऱ्यांच्या संख्येवरच करा.