साठीनंतर जलरंग: गुरूविना सुरुवात कशी करावी

निवृत्तीनंतर कुंचला हाती घेणाऱ्यास बहुतेक जण बारा किंवा चोवीस रंगांची पेटी भेट देतात. माझ्या मते ती काही महिने कपाटातच ठेवावी आणि सेपिया (गडद तपकिरी) किंवा पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) यांपैकी एकाच रंगाने सराव करावा, कारण स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याची चित्रे बहुधा चुकीच्या रंगामुळे नव्हे, तर उजेड आणि सावली यांतील फरक नीट न पाहिल्यामुळे फसतात.

खर्च करायचाच असेल तर तो कागदावर करावा. प्रतिचौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा, किंचित खरखरीत कागद पाणी सोसतो. पातळ कागदाला फुगवटे येतात आणि दोष मात्र आपण हाताला देतो. टोक नीट जुळणारा दहा किंवा बारा क्रमांकाचा एक गोल कुंचला आरंभी पुरेसा आहे.

खिडकीशेजारी, एका बाजूने उजेड पडेल असे मातीचे मडके ठेवावे. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील पुसट होतात आणि छटांचे मोठे गट तेवढे उरतात. सर्वांत उजळ भागासाठी कागद कोराच सोडावा, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच होय. मग फिकट, मध्यम आणि गडद अशा क्रमाने थर द्यावेत. वाळल्यावर रंग उजळतो, म्हणून तो लावताना जरा गडदच घ्यावा. कागदाची ओली चकाकी टिकून आहे तोवर सावलीची कड मऊ मिसळते. चकाकी मावळू लागली की पाणीदार कुंचला अजिबात लावू नये, अन्यथा फुलकोबीसारख्या कडांचे डाग उमटतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत कागद वाळण्यास फार वेळ घेतो, तेव्हा पंखा सुरू ठेवावा.

वयानुसार येणाऱ्या अडचणींकडे शिकवणारे सहसा दुर्लक्ष करतात. वाचनाच्या चष्म्यातून कागद स्पष्ट दिसतो, पण समोरचे मडके अंधूक होते; यासाठी दुहेरी भिंगांचा चष्मा सोयीचा पडतो. हात थरथरत असेल तर कुंचला मागे धरून, मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवावा. मोतीबिंदूमुळे रंग पिवळसर भासतात, म्हणून रंगांकडे वळण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घेणे इष्ट. वळल्यावरही अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) एवढ्यावर भागते. पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून सुरेख राखाडी छटा मिळतात.

चूक दाखवणारा कोणी जवळ नसणे ही खरी उणीव. त्यासाठी चित्र आरशात उलटे पाहावे आणि मोबाइलवर चित्र व वस्तू या दोहोंची कृष्णधवल छायाचित्रे शेजारी ठेवून छटा ताडून पाहाव्यात. कौतुक करणाऱ्या नातेवाइकांचा येथे उपयोग नाही.

वयाचा संकोच वाटत असल्यास रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण आहे: ते साठी ओलांडल्यावर गंभीरपणे चित्रे काढू लागले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले. तंत्र मात्र जलरंगचित्रकार सा. ल. हळदणकर यांच्या चित्रांतून शिकावे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे हाती दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र पाहताना ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर, बोटांवर आणि साडीवर किती छटांत उतरला आहे, ते मोजत पाहावे.