आजीसारखी महालक्ष्म्यांची आंबील कशी करायची

आपल्याकडं महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात अन् मूळ नक्षत्रावर जातात, म्हणजे आंबीलीची तयारी पहिल्या दिवशीच सुरू करा, नैवेद्याच्या सकाळी करू म्हटलं तर आंबटच होत नाही.

ज्वारी निवडून धुवा, ओलसर असतानाच कांडून कोंडा काढा आणि जाडसर भरडा. मिक्सर चालतो, आजीनं नाक मुरडलं तरी. दोन वाट्या भरड आंबट ताकात भिजवून झाकून ठेवा, रात्रभर पुरे.

सकाळी मोठ्या गंजात पाणी उकळा, मीठ, आलं, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप टाका. लसूण नको, नैवेद्य आहे ना. मग एका हातानं भिजवलेलं ओतत राहा अन् दुसऱ्या हातानं घोटत राहा, हात थांबला की गाठी झाल्याच समजा, अन् तेव्हाच नेमका कोणाचा तरी फोन येते. गॅस बारीक करून वीसेक मिनिटं शिजवा. फुटाणे फुटल्यासारखे बुडबुडे अंगावर उडतात, पोट्ट्यांना लांब बसवा. थंडी झाली की घट्ट होते, म्हणून पातळच उतरवा.

पुरणपोळी, कढी, सोळा भाज्यांची भाजी असं सगळं पानात असते, तरी पुण्याहून आलेली नात पहिले आंबीलच मागते आणि आजी मुद्दाम शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "घे वं माय, अजून घे!"